आखाजीच्या आधीचे दहा दिवस

मुलाखतीचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, होस्टेलच्या गच्चीवर ओले कपडे पिळत होते. पलीकडची बाई नरडाण्याच्या एका तेल कंपनीतून बोलत होती. लॅब असिस्टंटची जागा, येत्या मंगळवारी सकाळी दहा वाजता, मूळ कागदपत्रं घेऊन यायचं. मी चार-पाच वेळा 'हो मॅडम' म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कोणकोणती कागदपत्रं, हे विचारलंच नाही. पुन्हा फोन करायची हिंमत झाली नाही. कपडे तसेच बादलीत टाकून मी गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले आणि बोटांवर दिवस मोजले. तो गुरुवार होता. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आखाजी. दहा दिवस.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, खापरावर पोळ्या होतात. पण आमच्या घरात आखाजीचा अर्थ वेगळा होता. सालदाराचं, म्हणजे सालगड्याचं, वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. माझे वडील, आबा, शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात एकाच शेतकऱ्याकडे बावीस वर्षं सालदार होते. त्या शेतकऱ्याला सगळं गाव नाना म्हणतं. आखाजीच्या आधी नाना निरोप धाडायचे, आबा जायचे, चहा व्हायचा, आणि त्या चहात पुढचं वर्ष बांधलं जायचं. एकदा 'हो' म्हटलं की वर्षभर माणूस त्या शेताचा. मध्ये सोडता येत नाही. कायद्यानं येत असेल, पण गावात येत नाही.

त्या वर्षी आबांचे गुडघे फार दुखायला लागले होते. विहिरीच्या पायऱ्या उतरताना ते पाऊल आडवं टाकायचे. फाल्गुनात मी गावी गेले होते तेव्हा बोलून बसले होते, "आबा, मला नोकरी लागली की तू हे साल धरू नको." आम्ही घरात आई-वडिलांना अरे-तुरेच करतो. आई, जिला आम्ही माय म्हणतो, ती बोलली होती, "लागू तं दे आंधी."

'आधी लागू तर दे', हे वाक्य माझ्या मागे लागलं होतं. आता दहा दिवसांत काय ते ठरणार होतं. मला नोकरी लागली हे आखाजीच्या आत कळलं, तर आबा मोकळे. आखाजीनंतर कळलं, तर एका वर्षाचा उशीर.

याआधी मी एक मुलाखत दिली होती, जळगावला, एका खाजगी तपासणी केंद्रात. तिथे टेबलामागच्या माणसानं दुसऱ्या प्रश्नालाच विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हटलं, शेतमजुरी. त्यानं 'हं' म्हटलं आणि पुढच्या कागदाकडे वळला. कदाचित त्या 'हं'मध्ये काहीच नसेल. कदाचित माझी उत्तरंच कच्ची असतील. पण पॅसेंजरमध्ये बसून येताना अमळनेर कधी गेलं, नरडाणा कधी आलं, मला कळलं नाही. तो 'हं' डोक्यात वाजत होता. म्हणून नरडाण्याच्या कंपनीचा फॉर्म मोबाईलवर भरताना वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'शेती' लिहिलं. एका सेकंदात लिहिलं आणि पुढच्या रकान्यात गेले.

तयारीचे पहिले दोन दिवस धुळ्यात गेले. माझी खोलीतली मैत्रीण जामनेरची. तिनं सगळं अंगावर घेतलं. मेसची स्टीलची ताटली उलटी मांडीवर ठेवून ती मुलाखत घेणारी साहेब व्हायची.

"स्वतःबद्दल सांगा."

मी सांगायला सुरुवात करायचे. नाव, गाव, बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र, टक्के, आवडी. एका श्वासात.

"थांब व माय," ती म्हणायची. "मागे कुत्रं लागलं का तुह्या? मले एक अक्षर समजलं नाही. आणि ही आवड काय? वाचन? तू शेवटचं काय वाचलं?"

"नोकरीची जाहिरात."

"मग तेच सांग. निदान खरं तरी वाटेल."

ती हसायची, मी खोलीत फेऱ्या मारायचे. बसून उत्तर द्यायची सवय कर, असं ती दहादा सांगायची. मी बसायचे आणि माझा पाय हलायला लागायचा. मोबाईलवर आम्ही मुलाखतीचे व्हिडिओ पाहिले. एकात सांगितलं होतं, हसा. दुसऱ्यात सांगितलं होतं, उगाच हसू नका. एकात होतं की 'कधीपासून येऊ शकता' असं विचारलं तर क्षणाचाही विलंब न करता 'ताबडतोब' म्हणा. हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्या वहीत अठ्ठावीस प्रश्न होते. सत्ताविसावा मी स्वतःच घातला होता: वडील शेती किती एकर करतात? त्याचं उत्तर मी लिहिलं नव्हतं. मैत्रिणीनं वही चाळताना तिथे बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग पान उलटलं. तिचे वडील बाजार समितीत हमाल आहेत.

तयारीतलं जे खरोखर कामाचं होतं ते कॉलेजच्या मॅडमनी करून घेतलं. परीक्षा संपून प्रयोगशाळेला कुलूप लागलं होतं. मी फोन केला तर म्हणाल्या, "शनिवारी ये, मी उघडते." त्यांना सुट्टी होती, घरी पाहुणे होते, तरी आल्या. तेलाची आम्लता कशी काढतात ते मी पुस्तकात शिकले होते, हातानं एकदाच केलं होतं. मॅडमनी घरून खाण्याच्या तेलाची बाटली आणली होती. तेलाचं वजन घ्यायचं, त्यात अल्कोहोल, मग सूचक द्रव्याचे थेंब, आणि वरच्या काचेच्या नळीतून, ब्युरेटमधून, एकेक थेंब कॉस्टिकचा. फिकट गुलाबी रंग आला आणि हलवूनही टिकला, की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो आणि आकडा खोटा येतो.

माझा एक थेंब जास्त पडायचाच.

"तू नळीकडे बघतेस, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. "फ्लास्कमध्ये बघ ना. तेल कुठे पळून चाललंय?"

अकराव्या वेळी जमलं. मॅडमनी डबा उघडून मला पोळी-भाजी दिली आणि स्वतः चहावर भागवलं. त्यांचे आभार मी त्या दिवशी मानलेच नाहीत. कारण गावाकडे जाणारी बस तीनची होती आणि मी दोन वाजल्यापासून दाराकडे बघत होते. हे आता लिहिताना लाज वाटते.

गावी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. पाणी भरायला गेले तिथे शेजारची अक्का भेटली. गल्लीतल्या प्रत्येकाच्या घरात काय शिजलं हे तिला ठाऊक असतं.

"काय व, साहेबीन व्हनार तू म्हने?"

"नाही अक्का, अजून मुलाखतच आहे."

"आनि आबा आते आंडेरना पगारवर बसी का?" आंडेर म्हणजे लेक. "उद्या तुनं लगीन व्हई गयं, मंग? मंग नवराले सांगशी का, बापले पोस?"

बायका हसल्या. अक्का मनानं वाईट नाही. माझ्या बारावीच्या परीक्षेला पहाटे तिनंच मला भाकरी बांधून दिली होती. पण हंडा उचलून मी निघाले तेव्हा अर्धं पाणी अंगावर सांडलं.

संध्याकाळी नाना रस्त्यात भेटले. मोटारसायकल थांबवून पाय खाली टेकवला.

"कंपनीमा जाई राहिनी म्हने तू? चांगलं शे." मग थोडं थांबून, "तुना बाप बावीस सालफाईन मनाकडे शे. त्याले मी कधी काही इचारं नही. पन औंदा इचारनं पडी. राही का नही, ते बुधवारलोंग माले समजाले पाहिजे. दुसरा मानूस पाहाना तं टाईम लागस."

बुधवारपर्यंत. मुलाखत मंगळवारी. मी म्हटलं, "सांगतील आबा." नाना गेले. त्यांच्या बोलण्यात काही चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच माझ्याकडे रागवायला कोणी नव्हतं.

रविवार-सोमवार मी घरात एका जागी बसले नाही. फाईल उघडून कागद मोजायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. माय खापर घासत बसली होती.

"बसी ऱ्हाय जराखा," ती म्हणाली. "वावरमा अशी चालती तं दोन एकर निंदाई जातं."

आबा संध्याकाळी येऊन गुडघ्याला तेल चोळायचे आणि मी पाठ करत असलेली उत्तरं डोळे मिटून ऐकायचे. एकदा मी अडले तर पुढचा शब्द त्यांनी सांगितला. इंग्रजी शब्द होता. दोन दिवसांत ऐकून पाठ झाला होता.

मंगळवारी आबा माझ्यासोबत निघाले. नको म्हटलं तरी. नानांकडून दुपारपर्यंतची सुट्टी मागून आले होते. काळी-पिवळी जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो. कंपनीच्या गेटवर वॉचमननं त्यांना अडवलं, तर म्हणाले, "माले नही जानं, इले जानं शे," आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

आत आम्ही नऊ जण होतो. एक मुलगा शिरपूरचा, त्याला दोन वर्षांचा अनुभव होता. दोघी धुळ्याच्या, आपापसात इंग्रजीत बोलत होत्या आणि मध्येच मला पाणी हवं का असं त्यांनी मराठीत विचारलं. मला हवं होतं, मी नको म्हटलं.

आधी प्रयोगशाळेत बोलावलं. लॅबचे प्रमुख साठीकडे झुकलेले, भुसावळकडचे, चष्मा कपाळावर. सरकीच्या तेलाची बाटली पुढे केली. "आम्लता काढा. आकडा इथे लिहा." आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी वजन घेतलं. अल्कोहोल ओतलं. ब्युरेट उघडली. आणि माझ्या हाताला जणू काळी-पिवळी पकडायची होती. रंग आला, टिकला, आणि मी कळ बंद करेपर्यंत गडद झाला. फ्लास्कमध्ये गुलाल कालवल्यासारखं दिसत होतं. शेजारच्या मुलाचं काम संपलं होतं, तो आकडा लिहून हात पुसत होता. माझ्या चुकलेल्या आकड्यातून अंदाजानं थोडं कमी करून लिहिता आलं असतं. कोणी बघत नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "माझं जास्त पडलं. मला परत करू द्याल?"

ते वळले. "बाकीच्यांनी एकदाच केलं."

"हो सर. पण माझं चुकलंय."

त्यांनी घड्याळ पाहिलं, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि बाटली पुन्हा माझ्याकडे सरकवली. दुसऱ्या वेळी मी फक्त फ्लास्ककडे पाहिलं. जमलं.

तासाभरानं आत बोलावलं. तेच लॅबप्रमुख आणि फोन केलेल्या मॅडम. मॅडम पुण्याकडच्या असाव्यात, बोलणं स्वच्छ आणि भराभर. त्यांनी स्वतःबद्दल सांगा म्हटलं. मी सांगितलं. मैत्रिणीनं शिकवलं तसं, मध्ये दोनदा श्वास घेऊन. तेलाबद्दल सरांनी विचारलं, त्यातली दोन उत्तरं आली, एक आलं नाही, तेव्हा येत नाही म्हटलं. सगळं बरं चाललं होतं. सत्ताविसावा प्रश्न कोणी विचारला नाही.

मग मॅडम कागद गोळा करत म्हणाल्या, "निवड झाली तर कधीपासून येऊ शकाल?"

वहीत दोन रेघा मारलेलं उत्तर. ताबडतोब. एक शब्द. आणि माझ्या तोंडून आलं, "आखाजीपासून."

का आलं? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कामावर कधीपासून जायचं, हा प्रश्न मी जन्मापासून एकाच उत्तरासह ऐकला होता. आमच्या घरात काम सुरू व्हायचा दुसरा दिवसच नव्हता.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

लॅबप्रमुख हसले. मोठ्यानं हसले. "अक्षय तृतीया, मॅडम. इकडे सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं. या बाई आपल्याकडे साल धरायला आल्यात." मग माझ्याकडे वळून, हसतच, "घरात कोण आहे सालदार?"

चेष्टेत विचारलं होतं. 'कोणी नाही, तोंडातून निघून गेलं' असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "आबा. म्हणजे वडील. बावीस वर्षं."

मॅडमनी समोरचा कागद वर उचलला. "फॉर्मवर शेती लिहिलंय."

"हो मॅडम. आमची शेती नाही. मी लिहिलं ते..."

"खाली एक ओळ आहे. माहिती चुकीची आढळल्यास अर्ज रद्द होईल. वाचली होती?"

"वाचली होती."

मॅडमनी कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "दुरुस्त करा आणि शेजारी सही करा." मी 'शेती'वर रेघ मारली, वर 'सालदार' लिहिलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा लांब आली, रकान्याच्या बाहेर गेली. "कळवू," मॅडम म्हणाल्या. लॅबप्रमुख तेव्हा हसत नव्हते.

बाहेर आबा लिंबाखालीच होते. अडीच तास उभेच होते की मध्ये बसले होते, मला माहीत नाही.

"काय इचारं?"

"तेलाचं विचारलं."

"उनं का?"

"आलं."

"मंग? चांगलं व्हयनं ना?"

ऊन इतकं होतं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. त्यांच्या कपाळावर टोपीची ओली रेघ उमटली होती. मी म्हटलं, "हो आबा. चांगलं झालं."

आणि त्या एका वाक्यावर दुसऱ्या दिवशी ते नानांकडे गेले. मला न सांगता गेले. परत आले, खाटेवर बसले, टोपी काढून बाजूला ठेवली.

"मी नानाले नही सांगी उनू," ते म्हणाले. यंदा साल धरत नाही, असं सांगून आले होते.

माय पीठ चाळत होती, तिचा हात थांबला. "कागद उना का तिना?"

"ती सांगस ना, चांगलं व्हयनं."

मी उठले आणि बाहेर गेले. गल्लीच्या टोकाला जाऊन परत आले, पुन्हा गेले. फोनला रेंज पाण्याच्या टाकीजवळ येते, तिथे जाऊन उभी राहिले. फोन आला नव्हता. यायचाही नव्हता, अशी माझी खात्री होती. मी मैत्रिणीला लावला.

"मग आबांना सांग ना जाऊन, अजून काही नक्की नाही म्हणून," ती म्हणाली. "नानाकडे परत जाऊ दे. आज बुधवारच आहे."

"कसं सांगू? सांगायचं तर फॉर्मचंही सांगावं लागेल."

"मग तेही सांग. मुलाखतीला सांगितलं, घरी सांगायले काय लाज?"

तिचं बरोबर होतं. पण मी त्या दिवशी सांगितलं नाही, गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी नानांकडे नवा सालदार आला. शिरपूरच्या वरच्या डोंगरपट्ट्यातलं जोडपं होतं, बरोबर एक शेळी, दोन बोचकी, एक पत्र्याची पेटी. त्यांची स्वतःची कोरडवाहू जमीन होती, पण ती वर्षभर पुरत नव्हती. मी टाकीजवळ उभी होते तेव्हा ती बाई हंडा घेऊन आली आणि पाणी कधी सुटतं हे तिनं मला विचारलं. मी सांगितलं. ती माझ्याच वयाची असेल. तोवर माझ्या मनात एक चोरवाट होती, की फारच झालं तर आबा परत जाऊन नानांना विनवतील. ती बाई हंडा भरून वळली तेव्हा ती वाट बंद झाली. आता आबा परत गेले तर या दोघांना बोचकी उचलावी लागली असती.

मी सरळ घरी आले. आबा अंगणात बाजेची दोरी ताणत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. जळगावचा 'हं', फॉर्मवरची शेती, तोंडातून निघालेली आखाजी, मारलेली रेघ, खालची ओळ. आणि हेही, की चांगलं झालं असं मी उगाच म्हटलं होतं.

आबांनी दोरी सोडली नाही. एक वेढा पुरा केला.

"तू शेती लिखं व्हतं?"

"हो."

"मंग त्यामा काय चुकनं? बावीस साल मी शेतीच करी ना? मास्तरकी करी का?" ते खरोखर चकित झाले होते. "तू ते खोडं काब्रं?"

काब्रं, म्हणजे का. सांगायचं होतं की रकान्यात शेती म्हणजे मालकी समजतात. पण ते वाक्य त्यांच्यासमोर मला उच्चारता आलं नाही. नानांच्या त्या रानातला प्रत्येक बांध त्यांना ठाऊक होता. कुठे पाणी मुरतं, कुठे वाहून जातं, कोणत्या कोपऱ्यात कापूस लाल पडतो. सालदार लिहायची जी लाज मला वाटली ती त्यांची नव्हती, आणि फॉर्मच्या त्या ओळीचा जो धाक वाटला तोही. मी दोरीचं दुसरं टोक धरलं. बाज पुरी होईपर्यंत आम्ही दोघं दोरी ताणत राहिलो.

"नही लागी तं नही लागी," शेवटी ते म्हणाले. "मी रोजानं जासू. तू दुसरी पाहाय."

पण त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली, आणि माझ्यासारखाच त्यांचाही पाय हलत होता. ती सवय माझ्यात कुठून आली हे मला तेव्हा कळलं.

शनिवारी दुपारी मी टाकीजवळ होते. उद्या आखाजी, गावात लेकींच्या रिक्षा येत होत्या, पोरी झोक्याला दोर बांधत होत्या. फोन वाजला. त्याच मॅडम.

"निवड झाली आहे तुमची. पत्र मेलवर येईल. अक्षय तृतीया रविवारी आहे ना? मग सोमवारी सकाळी आठला या."

मी या वेळी विचारलं, "मॅडम, कोणकोणती कागदपत्रं आणू?" त्यांनी सांगितली. मी हातावर पेनानं लिहून घेतली, कारण वही घरी होती. घरापर्यंत मी पळत गेले. मध्ये अक्का भेटली, काय व्हयनं म्हणून ओरडली, मी ओरडून सांगितलं. ती माझ्यामागे आमच्या अंगणापर्यंत धावत आली आणि मायच्या आधी तीच रडली. "मी म्हनत नव्हती का?" असंही म्हणाली. ती असं काहीच म्हणाली नव्हती.

आबांनी टोपी घातली, पुन्हा काढली. "सोमवारले? म्हंजे परवा?" मग मायला म्हणाले, "इना चपला पाहाय. चपला चांगल्या नही."

पुढे महिनाभरानं, थोडी ओळख झाल्यावर, मी लॅबप्रमुखांना धीर करून विचारलं, फॉर्ममध्ये खाडाखोड असूनही मला कसं घेतलं. ते नमुन्यांवर चिठ्ठ्या लावत होते. "फॉर्म हे मॅडमचं खातं," ते म्हणाले. "त्यांना काय वाटलं ते त्यांना विचार. माझ्यापुरतं तू दुसऱ्यांदा वजन घेतलंस तेव्हाच ठरलं होतं. चल, टँकर आलाय, नमुना घे." मॅडमना मी अजून विचारलेलं नाही. त्यांनी त्या दिवशी पेन सरकवलं, अर्ज बाजूला टाकला नाही, एवढं मला पुरे आहे. खोलीत ताटली मांडीवर घेऊन साहेब होणारी मैत्रीण आणि सुट्टीत कुलूप उघडणाऱ्या कॉलेजच्या मॅडम, या दोघींचं मी देणं लागते असं म्हणणंही अपुरं वाटतं.

आबांचं मात्र मला वाटलं होतं तसं झालं नाही. मला वाटलं होतं ते निजतील, पडून राहतील, गुडघे बरे होतील. आखाजीच्या सकाळीच ते उठून अंगणात उभे. कुठे जायचं ते सुचेना. सणाचं जेवण झाल्यावर नानांच्या रानात जाऊन आले. नव्या माणसाला मोटारीचा कोणता खटका अडतो आणि कोणता बैल डावीकडे जुंपून घेत नाही ते सांगून आले. दुसऱ्या आठवड्यापासून रोजानं जायला लागले. मी चिडले. "मग मी कशाला धडपडले?" असं म्हणूनही गेले. ते म्हणाले, "घरमा बसीसन काय करू, भिंती मोजू?" माय म्हणाली, करू दे त्यांचं त्यांना. मी रोज सकाळी सातच्या गाडीला निघायचे तेव्हा ते माझ्याआधी बाहेर पडलेले असायचे. मला वाटायचं, काहीच बदललं नाही.

मग पाऊस सुरू झाल्यानंतरची एक सकाळ. मी डबा भरत होते. बाहेरून कोणीतरी आबांना हाक मारली, निंदणीला माणूस कमी होता. आबा बाजेवर होते. गुडघा चोळत त्यांनी दाराकडे पाहिलं.

"आज मी जात नही," ते म्हणाले.

हाक मारणारा बरं म्हणाला आणि पुढच्या घरी गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या हातातला डबा तसाच राहिला. उभ्या आयुष्यात मी आबांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. साल धरलेल्या माणसाला ते बोलता येत नाही. त्यांनाही ते नवंच असावं, कारण बोलून झाल्यावर ते थोडा वेळ दाराकडे बघत राहिले, कोणी परत येऊन काही म्हणतं की काय म्हणून. कोणी आलं नाही. ते आडवे झाले, कुशीवर वळले, पुन्हा उताणे झाले. डोळे उघडेच होते.

"गाडी चुकी तुनी," ते म्हणाले. मी निघाले.